शेवटच्या नंबरचं पाणी

तुळसाबाईला चाळीतून काढायचं हे धर्माजीशेठने मंगळवारी ठरवलं. बुधवारी सकाळी ती कामाला निघाली तेव्हा बाकीच्या तेराही खोल्यांना ते माहीत होतं, तिलाच नाही. तिला कळलं ते गिरिजाकडून. गिरिजाने सांगितलं नाही, ऐकवलं. दोन नंबरच्या दारात उभी राहून समोरच्या भिंतीशी बोलावं तशी म्हणाली, "रविवारी मीटिंग आहे म्हणे. घाण एकदा बाहेर गेली की सुटली चाळ."

तुळसाबाई थांबली. "भिंतीला काय सांगायलीस, गिरिजा? मला सांग की. मला कान हायेत."

"तुला काय सांगायचं? माझी स्वप्नाली नऊ दिवस तापाने फणफणतेय, काल दवाखान्यात ठेवली. एक नंबरात शेठच्या घरी अंबिकाकाकी हळदीसारखी पिवळी पडलीय. तीन, चार, पाच, सहा, सगळी घरं आडवी. आणि तुझ्याकडे कुणाला साधी शिंक नाही! दिवसभर लोकांचं हगणं-मुतणं चिवडतेस, इथे आणून सोडतेस, आणि स्वतः ठणठणीत. आम्ही येडे आहोत काय?"

"येडे न्हाईत," तुळसाबाई म्हणाली. "येडा माणूस कधीतरी इचारतो तरी."

आणि चपला वाजवत निघून गेली. पण कोपऱ्यावर रिक्षांच्या रांगेशी पोचेपर्यंत ती रविवारपर्यंतचे दिवस मोजायला लागली होती. रागाने की भीतीने, तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

भीती खरी होती. भाईंदर पूर्वेला, स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यांमागे धर्माजीशेठची ही चाळ. खोलीचा भाड्याचा कागद अकरा महिन्यांचा. एक महिना मोकळा सोडून दर जूनमध्ये नवा व्हायचा, तोही शेठच्या मर्जीने. २००७ सालचा मे महिना अर्धा सरला होता. तुळसाबाईची मानसी त्या जूनमध्ये दहावीत जाणार होती. नवरा ज्ञानदेव काशीमीऱ्याला गोदामावर राखणीला. परभणीकडून आलेल्या जयभीमवाल्यांना खोली शोधताना काय काय ऐकावं लागतं ते तिने अकरा वर्षांपूर्वी ऐकलं होतं. 'आडनाव काय' विचारायचं, आणि सांगितलं की 'खोली कालच गेली हो.' आता ऐन दहावीच्या वर्षात पोरीला घेऊन ते परत ऐकत फिरायचं? तिने ठरवलं, खोली सोडायची नाही.

चाळीला नळ एकच. पाणी एक दिवसाआड, संध्याकाळी साडेचारला, सव्वा तास. पाणी जेमतेम यायचं म्हणून शेठने मोटर लावली होती. नळाला लांब पाइप जोडलेला, तो खोलीमागून खोली पुढे सरकायचा. एक नंबर धर्माजीशेठ, दोन गिरिजा, मग ओळीने पुढे. चौदावा नंबर तुळसाबाईचा. बाकीचे पाइप एकमेकांच्या हातात द्यायचे. चौदाला मात्र जमिनीवर टाकायचे. तिने उचलून घ्यायचा. तिला असं मागे ठेवण्याची कारणं दोन. मोठ्याने सांगायचं कारण तिचं काम. हळू सांगायचं कारण तिच्या भिंतीवरची बुद्धाची तसबीर.

आणि पहिल्या पाण्याचा मान काय सांगावा! पहिलं पाणी ताजं, पहिलं पाणी देवाचं आणि पिण्याचं, मागून येईल ते धुण्याभांड्याचं. पहिल्या हंड्यात पाणी तांबूस पडायचं तर धर्माजीशेठ म्हणायचा, "तो गंज हाय. गंज म्हंजे लोखंड. अंगाला लागतं." आणि ते चहाच्या रंगाचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळून माणसं औषधासारखी प्यायची. भांडणं व्हायची ती या पुढच्या नंबरांसाठी. शेवटचा नंबर कुणी मागत नव्हतं.

तुळसाबाई स्टेशनजवळच्या एका खाजगी लॅबमध्ये कामाला होती. मेडिकलच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या, एक फ्रिज, एक मायक्रोस्कोप. ती बाटल्या धुवायची, काचपट्ट्या धुवायची, फरशी पुसायची. सातवी शिकलेली बाई. पण नजर तिखट, आणि आपल्याला कुणी काही समजावून न सांगता कामाला लावलं की तिचं डोकं फिरायचं. पहिल्याच महिन्यात तिने टेक्निशियन यतीनला धरलं होतं. "हे धू, ते जपून धू, याला हात लावू नको. का? काय हाय त्यात? मला कळल्याशिवाय मी धुणार न्हाई."

यतीन हसला. "मावशी, बघायचंय? या इकडे. एक डोळा मिटू नका, दोन्ही उघडे ठेवा."

तिने पहिल्यांदा पाहिला तो मलेरिया. तांबूस चकत्यांसारख्या रक्ताच्या पेशी, आणि एकीच्या पोटात बारीकशी अंगठी, तिला खडा बसवल्यासारखा एक ठिपका.

"हा आदिजीव," यतीन म्हणाला. "एकाच पेशीचा, पण पेशीतलं सगळं सामान घरचं असतं याच्याकडे. डासातून येतो, रक्तात घुसतो, पेशी आतून खातो आणि फोडून बाहेर पडतो. आवेचा अमीबापण याच्याच जातीतला."

अमीबा तिने पुढे पाहिला, ताज्या शौचाच्या नमुन्यात. त्याला धड आकारच नाही. इकडून अंग पुढे काढतो, तिकडून ओढून घेतो, जागा मिळेल तसा वळतो. तुळसाबाई बघतच राहिली आणि म्हणाली, "हा तर आमच्या चाळीतला पाच नंबर. माझ्याशी बोलताना माझ्यासारखा, शेठशी बोलताना शेठसारखा."

तेव्हापासून तिचं ते चालूच झालं. यतीन दाखवायचा आणि ती माणसं बसवायची.

जिवाणू, म्हणजे बॅक्टेरिया, त्यांना यतीन रंग लावून दाखवायचा. कुणी काडीसारखे, कुणी मण्यांसारखे, कुणी साखळी धरून. एकच पेशी, पण स्वतःच्या जिवावर जगणारी. वरून भिंत, आत सगळा कारभार. खायला मिळालं आणि ऊब मिळाली की वीस-वीस मिनिटांत एकाचे दोन. "सगळे वाईट नसतात हां मावशी, दही लावतात तेही हेच. पण टायफॉइड, कॉलरा, टीबी हेही यांच्यातलेच." तुळसाबाई म्हणाली, "म्हंजे गिरिजाचं तोंड. सकाळी एक शब्द सोडते, दुपारपर्यंत चाळभर हजार."

बुरशी तिने खरवडलेल्या गजकर्णात पाहिली. सुतासारखे धागे, फांद्या फुटलेले, एकात एक गुंतलेले. ओल लागते तिला, घाम लागतो, बंद जागा लागते. हळू वाढते आणि हटता हटत नाही. "चाळीतला जुना आकस," ती म्हणाली. "उन्हात आणला की जातो, पण आणतंय कोण?"

"आणि विषाणू?" तिने विचारलं. "व्हायरस म्हणता तो?"

"तो या मशीनमधून दिसत नाही. जिवाणूच्याही शंभर पट बारीक. त्याला पेशीच नाही. खात नाही, पीत नाही, वाढत नाही. बाहेर पडून असला तर नुसती धूळ. पण दुसऱ्याच्या पेशीत शिरला की मालक होतो. तिच्याच सामानातून स्वतःच्या नकला काढतो. सर्दी, गोवर, पाण्यातून येणारी कावीळ. अँटिबायोटिक याला लागू पडत नाही, ते जिवाणूंचं औषध."

तुळसाबाईने थोडा विचार केला. "स्वतःचं काई न्हाई, दुसऱ्याच्या घरात शिरून मालक. हा आमचा शेठ."

यतीन असा हसला की काचपट्टी हातातून पडली. ती फुटलेली काचही तिनेच गोळा केली.

बुधवारी मात्र ती लॅबमध्ये आली तेव्हा हसण्यासारखं काही नव्हतं. तिने पिशवी टेबलावर आपटली.

"यतीनदादा, अंबिकाबाईला कावीळ. म्हंजे व्हायरस. गिरिजाच्या पोरीला टायफॉइड, रिपोर्ट तुमच्याच हातचा. म्हंजे जिवाणू. चार नंबरच्या म्हाताऱ्याला आव, अमीबा तुम्हीच दावला. तीन जाती वेगळ्या, औषधं वेगळी. मग एकाच चाळीत एकदम कशा आल्या?"

यतीनने पेन खाली ठेवलं. "तिघांचा रस्ता एकच आहे मावशी. शौचातून पाण्यात, पाण्यातून तोंडात. कुठे तरी गटाराचं पाणी नळात जातंय."

"मग मी का न्हाई आजारी? त्याच नळाचं पिते."

हा प्रश्न तिने लॅबभर फिरत, बाटल्या धूत, दिवसभर चघळला. दुपारी एक काचेची बाटली नळाखाली धरली होती. आधी साबणाचा फेस आला, मग गढूळ, मग नितळ. तिने नळ बंद केला. परत चालू केला. बोटांवर मोजायला लागली. एक नंबर, दोन, तीन, चार, पाच, सहा. सात नंबरचा एक पोरगा नुसता हगवणीवर निभावला. आठपासून पुढे कुणी नाही. चौदा, कुणीच नाही.

तिला धर्माजीशेठची पाइपलाइनही आठवली. मोटर बसवली त्या वर्षी शेठने प्लास्टिकचा पाइप आडव्या गटारातून नेला होता, खणायचा त्रास नको म्हणून. पाणी नसतं ते जवळजवळ दोन दिवस पाइप रिकामा. त्याला कुठे चीर असेल तर गटार आत झिरपणार. साडेचारला मोटर लावली की ती आधी ते ओढणार, आणि ते पहिलं, ताजं, लोखंडाचं पाणी कुणाच्या हंड्यात? मान असलेल्यांच्या.

"मला शेवटी ठेवलं," ती यतीनला म्हणाली. "अकरा वर्सं मला शेवटी ठेवलं म्हणून माझी पोरगी उभी हाय."

यतीनने कपाटातून दोन बारक्या बाटल्या काढल्या. आत तळाशी पिवळसर औषध सुकवलेली कागदाची पट्टी. "यात पाणी भरायचं, उबेला ठेवायची. दीड-दोन दिवसांत काळी पडली तर समजायचं, माणसाच्या आतड्यातले जिवाणू आहेत त्यात. व्हायरस हिला कळत नाही, अमीबा कळत नाही. पण हे आले त्या वाटेने तेही येणार. झाकणाच्या आत बोट लावू नका."

शुक्रवारी साडेचारला मोटर घरघरली तेव्हा तुळसाबाई नळापाशी उभी होती.

"ए बाय," धर्माजीशेठ ओरडला, "तुझा नंबर कनचा? मागं हो. नळाला हात लावशील तर बग."

"हात लावते कशाला? तुमच्या पाइपाला सांध्यात भोक हाय, त्याला तरी कळतंय का कोण कनच्या नंबरचं?" सांध्यातून पिचकारी उडत होती. तिने त्याखाली बाटली धरली. तांबूस पाण्याने बाटली भरली.

"काय करतेस गो ते? करणी करतेस काय?" शेठ म्हणाला. मागून कुणीतरी हिंदीत म्हणालं, "जादूटोना कर रही है।"

"गिरिजा, इकडं ये," तुळसाबाई म्हणाली. "चिकटपट्टी आणलीय. तुझ्या हाताने झाकणावर लाव आणि वर सही कर. तारीख घाल. शेवटच्या पाण्याची बाटली भरीन तीबी तुझ्यासमोर. तिच्यावरबी तुझीच सही."

"मी कशाला करू?"

"उद्या मी काई मिसळलं म्हणशील. म्हणायचंय ना तुला? मग आताच बंद कर. का भ्यालीस?"

गिरिजा भ्याली नव्हती. तिला या बाईला पकडायचं होतं. तिने दात-ओठ खात पट्टी लावली आणि ठसठशीत सही केली. साडेपाच वाजून गेल्यावर चौदा नंबरपाशी पाइप जमिनीवर पडला. तुळसाबाईने तो उचलला, दुसरी बाटली भरली, गिरिजाने त्यावरही सही ठोकली. दोन्ही बाटल्या मानसीने खिडकीत उन्हाच्या कडेला ठेवल्या, आणि त्या घरात दोन दिवस त्यांच्याकडे कुणी नीट बघितलंही नाही. ज्ञानदेव एकदाच म्हणाला, "काळी न्हाई पडली तर?"

"तर बिऱ्हाड बांधायचं," ती म्हणाली. "पण मी चुकले म्हणून बांधीन. त्यांनी हाकललं म्हणून न्हाई."

रविवारी दहाला वऱ्हांड्यात खुर्च्या पडल्या. धर्माजीशेठ मधल्या खुर्चीत, गुडघ्यावर चाळीची वही. त्याने सुरुवातच शेवटापासून केली. "सगल्यांचं म्हननं हाय की चौदा नंबरचा कागद या जूनला करायचा न्हाय. पोराबालांचा सवाल हाय. तिच्या कामापायी चाल नासली. कुनाला काय बोलायचं हाय?"

पाच नंबरवाला मान हलवत म्हणाला, "शेठ बोलतात ते बरोबर आहे. आमचं वैयक्तिक काही नाही."

तुळसाबाई उठली. तिने दोन बाटल्या शेठच्या वहीवर ठेवल्या. एक शुक्रवारी होती तशीच पिवळसर. दुसरी काळी. शाई ओतल्यासारखी काळीकुट्ट.

"ही माझ्या नंबरची," ती पिवळ्या बाटलीकडे बोट दाखवत म्हणाली. "आणि ही तुमच्या नंबरची, शेठ. तुमच्या देव्हाऱ्यातली. तुमच्या लोखंडाची."

शेठने मांडी झटकन मागे घेतली, बाटल्या घरंगळल्या, तिने झेलल्या. "तूच काय तरी टाकलास त्यात!"

"गिरिजा," तुळसाबाईने बाटली पुढे केली. "पट्टी बघ. सही बघ. फाटलीय का कुठं?"

गिरिजाने बाटली घेतली नाही. वाकून पाहिली. बराच वेळ पाहिली. तिची पोरगी दवाखान्यात सलाइनवर होती आणि तिनेच रोज पहिल्या हंड्यातला पेला तिला भरून दिला होता, ताजं पाणी पी बाळा म्हणून.

"सही माझीच आहे," गिरिजा म्हणाली. "पट्टी तशीच आहे."

मग तुळसाबाईने सगळं सांगितलं. रिकामा पाइप, गटार, मोटर, कोण कितव्या नंबरला आणि कोण आजारी. एक ते सात बोटांवर मोजून दाखवलं. जिवाणू वेगळा, विषाणू वेगळा, अमीबा वेगळा, पण तिघांना घरी आणणारं पाणी एक. "फडक्यातून गाळून यातला एकबी अडकत न्हाई. उकळी फुटू द्या, खळखळ उकळू द्या, तिघंबी मरतात. आणि तुमचा तो नाक्यावरचा डॉक्टर सगळ्यांना एकाच औषधाची सुई टोचतोय ना, कावीळवाल्यालाबी आणि तापवाल्यालाबी, त्याला इचारा कनच्या जंतूवर टोचतोस म्हणून. आणि शेठ, तुम्ही पाइप बदला. गटारातून वर काढा."

कुणी माफी मागितली नाही. असल्या ठिकाणी मागत नसतात. माणसं आपापसांत कुजबुजली, पाच नंबरवाला शेठच्या कानाशी लागला, आणि मग गिरिजाच म्हणाली, "पाइप बदलायला महिना जाईल. तोवर पहिलं पाणी कुणी घ्यायचं? मी नाही घेणार."

"मीबी न्हाय," धर्माजीशेठ म्हणाला. सगळी चाळ एकदमच चौदा नंबरच्या बाईकडे बघायला लागली.

"हिला घेऊ दे," गिरिजा म्हणाली. "हिला माहीत आहे ना सगळं. उकळून पिईल. मी जाते शेवटी."

"बराबर," शेठच्या जिवात जीव आला. "आजपासून एक नंबर तुलसाबायचा. मान दिला तुला, बग."

ज्ञानदेव मागे उभा होता. तो काही बोलायला पुढे सरकला. तुळसाबाईने हात आडवा केला.

"वहीत लिहा," ती म्हणाली. "खोली चौदा, पहिला नंबर. आणि खोली चौदाचा कागद जूनमध्ये नवा होणार, ते त्याच्याखाली. खोली न्हाई तर नंबर कुणाला देणार? तुम्हालाच घ्यावा लागंल परत."

शेठ घुटमळला. मागून तीन-चार आवाज आले, "लिहा हो शेठ, लिहा." त्याने लिहिलं, सही केली. गिरिजाने साक्षीची सही केली. तिची सही एव्हाना सगळ्यांना पाठ झाली होती.

त्याच दिवशी पाणी. साडेचारला मोटर लागली आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा तुळसाबाईच्या हातात वाहता पाइप पहिला आला. तिने हंडा पुढे केला नाही. पाइप गटाराकडे वळवला आणि मनगटातल्या घड्याळात बघत उभी राहिली.

पाच मिनिटं कुणाला कळलंच नाही. मग आरडाओरडा उठला. "अहो, पाणी चाललंय!" "पागल है क्या, मौसी?" धर्माजीशेठ बनियनवर धावत आला. "ए बाय! सव्वा तासाचं पानी हाय सगल्यांचं!"

"माझा नंबर हाय," ती म्हणाली. "वहीत लिहिलाय. माझ्या नंबरचं पाणी मी पिईन न्हाईतर सांडीन."

"आमाला कमी पडंल!"

"मग पाइप बदला."

लाल, मग तांबूस, मग गढूळ, मग फिकट. अर्धा तास ती हलली नाही. शेजारचे शिव्या देत होते आणि ती एकेक शिवी ऐकून घेत होती, ज्याची त्याची आठवणीत ठेवत होती. पाणी नितळ झालं तसे तिने आपले दोन हंडे भरले. मानसीने ते उचलले.

आता नंबर दुसऱ्याचा. शेवटी जाते म्हणणारी गिरिजाच हंडा घेऊन सगळ्यांच्या पुढे उभी होती. पाणी नितळ झालेलं तिनेही पाहिलं होतं. तिने हात पुढे केला.

तुळसाबाईने त्या हाताकडे पाहिलं. मग पाइप जमिनीवर ठेवला, आपल्या दारापाशी, जिथे इतकी वर्षं तिच्यासाठी ठेवत आले होते तिथेच, आणि घरात निघून गेली.

पाणी फरशीवरून वाहत होतं. गिरिजा वाकली आणि तिने पाइप उचलला.